अहो, पान वाढलंय

१

माझं स्वयंपाकघर आणि शेजारच्या भाऊंची कॉम्प्युटरची खोली, यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तीही अशी, की इकडून खिळा ठोकला तर टोक तिकडे निघेल. त्यामुळे मला कोणी चोंबडी म्हटलं की मी विचारते, मग काय कान काढून खुंटीला टांगू? मी काही मुद्दाम भिंतीला कान लावत नाही. लावला तरी रोज लावत नाही.

भाऊ गावातल्या सगळ्या ग्रंथालयांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. कुठलं पुस्तक कुठल्या शाखेत, कोणी नेलं, कोण घेऊन बसलंय, हे सगळं ज्या मोठ्या मशीनमध्ये असायचं ते मशीन भाऊंच्या घरीच होतं. ते निवृत्त झाले तरी त्यांच्यावाचून कोणाचं पान हलेना, म्हणून ग्रंथालयांनी मशीनच त्यांच्याकडे आणून ठेवलं होतं. त्याच्या पंख्याची घरघर दिवसभर माझ्या भांड्यांच्या फळीत उतरायची. सवयीनं ती मला ऐकू येईनाशी झाली होती. ती थांबली की मात्र लगेच कळायचं.

दुपारी जेवणाच्या वेळी वहिनी हाक मारायच्या, "अहो, पान वाढलंय!"

भाऊ म्हणायचे, "आलो." त्यांचं ते आलो म्हणजे लग्नाच्या मुहूर्तासारखं, टळल्याशिवाय यायचं नाही. कारण मशीन नीट बंद करायचं तर ते म्हणे आपला पसारा आवरतं, मग काहीतरी नवीन बसवून घेतं, तोवर इकडे भाजी गार. एकदा यावरून असं भांडण झालं की वहिनींनी त्यांचं वाढलेलं ताट माझ्याकडे आणून दिलं. मीही खाल्लं, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून भाऊंनी वेगळंच सुरू केलं. हाक आली की अंगठ्यानं मशीनचं बटण दाबून धरायचं, घरघर थांबेपर्यंत. मशीनचा गळा दाबण्यासारखं असतं म्हणे ते. शाखांमधल्या लोकांना भाऊ फोनवर ओरडून सांगायचे, "कोणीही, कधीही बटण दाबून मशीन बंद करायचं नाही!" आणि स्वतः रोज तेच.

मी म्हटलं, "भाऊ, लोका सांगे ब्रह्मज्ञान?"

तर म्हणाले, "मशीनची समजूत मागाहून काढता येते हो. हिची नाही काढता येत."

समजूत म्हणजे काय, तर जेवून येऊन चालू केलं की मशीन विचारायचं, मला असं अचानक का बंद केलंत, कारण लिहा. भाऊ रोज एकच कारण लिहायचे. जेवण. ग्रंथालयांच्या कचेरीत यावरून खूप हसायचे.

तर दुपारी मला कायम याच क्रमानं ऐकू यायचं. हाक. आलो. घरघर बंद. चाकाच्या खुर्चीची घरंगळ. सपाता. मग त्यांच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढल्याची करकर, दात शिवशिवतील अशी. माझ्या मनात दर वेळी यायचं, आमचे हे असं कधी करत नसत. आमच्या खाली एक म्हातारं जोडपं राहायचं, त्यांना त्रास नको म्हणून आमचे हे खुर्ची दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवायचे. इतकं आवाज न करता, की मी चुलीकडून वळले आणि ते समोर बसलेले दिसले की दचकायचे. "मांजर आहात की काय," मी म्हणायचे. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दुपारी मला आता कोणी दचकवत नाही.

२

भाऊ थंडी सुरू होता होता गेले. शेवटी शेवटी त्यांना नळीनं अन्न देत होते. तोंडानं काही नाही. वहिनींच्या मनाला तेवढंच लागून राहिलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "गेले ते उपाशी गेले हो."

मशीन तसंच चालू राहिलं. नवी व्यवस्था होईपर्यंत इथेच असू द्या, असं ग्रंथालयांनी सांगितलं. वहिनींनाही ते हवंच होतं. घरघर असली म्हणजे आत माणूस असल्यासारखं वाटतं, असं त्या मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटायचं, पण मी बोलले नाही.

आणि मग ते दुपारचं बंद पडायला लागलं.

कचेरीतून एक जण आले. भाऊंच्या जागेवर आलेले ॲडमिन. अंगानं भरलेले, जिना चढून दमलेले, हातात चहाची बाटली. मी त्यांचं नाव ठेवलं कारणवाले. कारण त्यांच्या तोंडी सारखं तेच. कारण कळल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, कारण कळलं की अर्धं काम झालं.

वहिनींचं घर म्हणजे माझं माहेर असल्यासारखी मी त्यांच्या मागे मागे त्या खोलीत गेले.

"वीज जाते का इथली?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे दिवा असतो ना तेव्हा," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"म्हणजे सगळं माहीत असणार," ते म्हणाले. मला माणूस आवडला.

त्यांनी सगळं पाहिलं. आधी वीज, मग यूपीएसची बॅटरी. मशीन उघडून आतली धूळ फुंकली, पंखा बोटानं फिरवून बघितला, तापतंय का म्हणून हात लावून बसले. झाडताना कोणाचा पाय वायरला लागतो का, तेही विचारलं. मग मशीन चालू करून त्यानं स्वतःबद्दल काय नोंदून ठेवलंय ते वाचत बसले, आणि वाचता वाचता त्यांची मान हळूहळू पुढे आली.

"काकू, दुपारी ह्या खोलीत कोण येतं?"

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "मी जेवायला बसलेली असते."

"वीज गेलेली नाही. मशीन अडकलेलं नाही, तापलेलं नाही. कोणीतरी बटण दाबून धरलंय."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, हिला हे आधीच माहीत होतं.

"बटणच अडकत असेल," मी म्हटलं.

"असेल," कारणवाले म्हणाले आणि बटण बदललं. मशीननं विचारलं, का बंद झालो. त्यांनी जुनी कारणं वर सरकवून पाहिली. जेवण, जेवण, जेवण. जरासे हसले, मग त्यांनी लिहिलं, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या बटणानिशी ते बंद पडलं.

३

ते केव्हा बंद पडतं हे मला कळलं, त्यात हुशारी काही नाही. माझा कान तिथेच असतो.

भाऊ गेल्यावर वहिनी हाक मारायच्या बंद झाल्या होत्या. मग एका दुपारी, ताट वाढता वाढता तोंडून सवयीनं निघून गेलं असणार. "अहो, पान वाढलंय." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पुढे शांतता. आणि त्या शांततेत घरघर थांबली.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही योगायोग म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी चूल बंद करून भिंतीपाशी उभी राहिले. हाक आली आणि चार श्वासांनी घरघर गेली.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कारणवाले आले तसं मी त्यांना जिन्यातच गाठून सांगितलं. ते हसले नाहीत. कारण शोधणाऱ्यानं कुठल्याच कारणाला हसू नये, म्हणाले. वहिनींना विनंती केली, दोन दिवस हाक मारू नका. मशीन सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "मारा हाक."

वहिनींनी मारली. मी मधल्या खोलीत होते. मला दिसली फक्त कारणवाल्यांची पाठ, आणि ती पाठ एकदम ताठ झाली.

घरघर थांबल्यावर ते बाहेर आले. चहाची बाटली उघडली, प्यायले नाहीत.

"जेवणाच्या वेळी काकू विजेची शेगडी बंद करतात, त्या वेळी विजेला झटका बसत असेल," ते म्हणाले. "दोन्हींची वायर एक असेल. वेगळी टाकून घेऊ."

"तुम्हाला काय दिसलं?"

"बटण आत गेलेलं दिसलं, मावशी," ते हळूच म्हणाले. "आत गेलेलं आणि तसंच राहिलेलं. सुटलं ते मशीन बंद झाल्यावर." मग मोठ्यानं म्हणाले, "वायर वेगळी टाकू."

वायर वेगळी टाकली. काही फरक पडला नाही. मग कचेरीतून निरोप आला. मशीन असं मनाला येईल तेव्हा बंद पडणार असेल तर ते इथे ठेवता येणार नाही. महिना अखेरपर्यंत एकदाही बंद पडलं नाही तर राहील. पडलं तर हलवणार.

४

वहिनी त्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि माझ्या टेबलाशी बसल्या.

"मी लेकीकडे जाते महिनाभर," त्या म्हणाल्या.

"एकदम? ती ये ये म्हणत होती तेव्हा गेला नाहीत."

"इथे राहिले तर माझ्या तोंडून निघेल गं. जीभ कापून ठेवू का? पान वाढलं की निघतंच."

"मग मशीन जाऊ दे की वहिनी. नाहीतरी..." पुढचं मला म्हणवलं नाही.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भाऊंनाच बाहेर काढायला सांगितलं होतं. "ते गेलं तर ते कुठे बसतील?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग राहवेना. "वहिनी, मशीन बंद झाल्यावर... पुढे काय होतं?"

"पुढचं तुला कशाला हवं?" त्या म्हणाल्या, पण रागानं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीला मैत्रिणींनी काही विचारावं आणि तिनं मान खाली घालावी, तसं काहीसं होतं ते. इतक्या वयाच्या बाईच्या चेहऱ्यावर ते पाहिलं आणि मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी हेवा वाटला.

किल्ली माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "झाडांना पाणी घाल. मशीन बंद पडलंच तर चालू कर, कसं ते कचेरीतले फोनवर सांगतील. आणि एक कर माझ्यासाठी. जेवणाच्या वेळी भिंतीशी काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?"

"तुला मी ओळखत नाही का?"

५

पहिले काही दिवस काहीच नाही. घरघर आणि माझं जेवण. बंद घराला घरघर असली की ते घर झोपल्यासारखं वाटतं, मेल्यासारखं नाही.

मग एका दुपारी ताट घेऊन बसले आणि भिंतीपलीकडे चाकं सरकली. थोडी मागे, थोडी पुढे.

उंदीर, मी म्हटलं. पण उंदीर कधी खुर्चीला पाठ टेकत नाही. पाठीची कुरकुर झाली. मग थोडा वेळ गेला आणि कोणी घसा साफ करावा तसा आवाज आला, हलका, कोणाला मुद्दाम ऐकू जावा म्हणून केलेला. जेवणाची वेळ टळून गेली की पुरुष करतात ना, तसा. मागायचं तर नाही, पण घरात आपण आहोत हे कळावं म्हणून.

वरच्या मजल्यावरचं असेल. आवाज पाइपातून कुठून कुठे जातात. कबुतरं असतील खिडकीत. मी एकेक कारण काढलं आणि कारणवाल्यांनी बॅटरी ठेवावी तसं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाणी घालायला गेले तेव्हा त्या खोलीचं दार ढकललं. मशीनचा हिरवा दिवा लागलेला. टेबलावर भाऊंचा चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला. खोलीत बंद खोलीचा वास नव्हता. आणि खुर्ची दाराकडे तोंड करून होती. मी ती फिरवून मशीनकडे केली. दोन दिवसांनी गेले तर पुन्हा दाराकडे.

मी तिला हात लावला नाही. मागच्या मागे बाहेर आले, कुलूप लावलं, माझ्या घरी येऊन पाणी प्यायले आणि मग मला जे वाटलं त्याचं मला अजून नवल वाटतं. मला वाटलं, किती वाट बघतोय बिचारा.

रोज तेच. मी ताट वाढलं की पलीकडे चाकं हलायची. जणू भांड्यांचा आवाज त्यालाही यायचा. मी घाईघाईनं गिळायला लागले. मग भांडी आवाज न करता काढायला लागले. मग दुपारचं जेवणच सोडून संध्याकाळी खायला लागले, पण तरी ती वेळ झाली की घसा साफ केल्याचा आवाज यायचा. एकदा, मग पुन्हा एकदा. रोज जरा अधिक दमून.

भूत असतं तर मी दार लावून घेतलं असतं. पण उपाशी माणूस भिंतीपलीकडे बसला आहे आणि भात माझ्या चुलीवर शिजतोय, हे मला सोसेना. आमच्या आईनं आम्हाला शाळेत फार पाठवलं नाही, पण दारी आलेल्याला जेव म्हणायला शिकवलं.

६

महिना संपायला अजून पंधरा-एक दिवस होते. त्या दुपारी घशाचा आवाज आला नाही. नुसतं एक उसासा टाकल्यासारखं झालं आणि खुर्ची गप्प.

मी दोन ताटं काढली. कधी काढली ते मला आठवत नाही. दोन्ही वाढून झाल्यावर दिसलं की दोन आहेत.

भिंतीजवळ गेले. "भाऊ," मी म्हटलं, "जेवून घ्या."

घरघर तशीच.

"भाऊ, ऐकताय ना? वहिनी लेकीकडे गेल्यात. माझ्याकडे या जेवायला."

काही नाही. आणि मला माहीत होतं का नाही ते. हा माणूस आयुष्यभर एकाच हाकेला उठला होता.

ते शब्द मी कित्येक वर्षांत म्हटले नव्हते. कोणाला म्हणणार? आमच्या ह्यांच्यामागे ते माझ्या घरातून गेले होते, दाढीच्या साबणासारखे, चपलांच्या जोडासारखे. मी भिंतीला तळहात लावला आणि हाक मारली. पहिल्या अक्षराला आवाज फाटला. आणि मारता मारता, देवाशपथ, माझ्या डोळ्यांसमोर भाऊ नव्हते.

"अहो, पान वाढलंय."

चार श्वास.

घरघर थांबली.

चाकं घरंगळली. सपाता वाजल्या, फटक फटक, खोलीच्या दाराशी, मग मधल्या खोलीत. मी ऐकत राहिले, त्यांच्या जेवणाच्या टेबलाकडे वळतील म्हणून. वळल्या नाहीत. बाहेरच्या दाराला मी स्वतः कुलूप लावलं होतं. ते वाजलं नाही, दार उघडलं नाही, पण सपाता जिन्याशी आल्या.

आणि मग थांबल्या.

मी भिंतीकडे तोंड करूनच उभी होते. माझ्या पाठीमागे माझं टेबल. मनात एकच होतं, आवाज होऊ देऊ नकोस, देवा, खुर्चीचा आवाज होऊ देऊ नकोस.

करकर. फरशीवरून खुर्ची ओढल्याची, दात शिवशिवतील अशी.

भाऊच होते. ज्यांना बोलावलं तेच आले होते. आणि मी भिंतीला कपाळ टेकून रडले, ते भीतीनं नाही.

७

कारणवाल्यांचा फोन आला. "मावशी, मशीन गेलं. आत कोणी होतं?"

"कुलूप होतं."

"काकू?"

"त्या लेकीकडेच आहेत."

चहाची बाटली उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणजे काकूंच्या हाकेचा संबंध नाही. बरं झालं. मला झोप लागत नव्हती. हे एकदाचं मी कचेरीत सांगत नाही." त्यांनी सांगितलं तसं मी जाऊन मशीन चालू केलं. का बंद झालो, त्यानं विचारलं. मी कोरंच ठेवलं. खुर्ची रिकामी होती. म्हणजे रोजही रिकामीच असायची, पण आता ती नुसती खुर्ची होती.

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही.

आणि मी रोज दोन ताटं वाढायचे. हाकेची गरज उरली नव्हती. मी बसले की समोर करकर व्हायची. खुर्ची हलताना मात्र दिसायची नाही. मान खाली असायची तेव्हा आवाज व्हायचा, वर पाहिलं की ती मागे सरकलेली असायची.

एकच गोष्ट मी पाहिली. भाऊंना कढत खायची सवय नव्हती, प्रत्येक घासावर फुंकर मारायचे. समोरच्या ताटातली वाफ सरळ वर जात असायची आणि मग ती एकदम माझ्याकडे वाकायची. थांबायची, पुन्हा सरळ व्हायची. पुन्हा वाकायची. ती वाफ माझ्या तोंडावर यायची तेव्हा गार असायची.

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे ना?"

पुढे पुढे मी बरंच बोलायला लागले. खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं, दूधवाल्यानं कसं दुसरं लग्न केलं, पाण्याच्या टाकीवरून कोणाचं कोणाशी वाजलं. भाजी दोन प्रकारची व्हायला लागली. एक दिवस केस विंचरून चांगले कपडे घालून जेवायला बसले आणि ताटात माझं प्रतिबिंब दिसलं तेव्हा लाजले. बाई गं, मी स्वतःला म्हटलं, हा कोणाचा नवरा, तू कोण? पण दुसऱ्या दिवशीही केस विंचरले.

८

महिना संपला, मशीन राहिलं, वहिनी आल्या. पेढा हातावर ठेवावा तसं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तू जपलंस गं."

दुपारी त्यांनी स्वयंपाक केला. मी इकडे ताट वाढून बसले होते. समोर खुर्ची ओढलेली, वाफ वाकत होती.

"अहो, पान वाढलंय!"

किती आनंदाची हाक होती ती.

घरघर चालू राहिली.

"अहो!" जरा मोठ्यानं. "पान वाढलंय."

मी समोर पाहिलं. वाफ वाकली, सरळ झाली.

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा वहिनी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या असणार, कारण आवाज अगदी भिंतीला लागून आला. मग त्या म्हणाल्या, हळू, स्वतःशी, पण ती भिंत तुम्हाला माहीत आहे. "मी गेले म्हणून रागावलात का? तुम्ही इथेच राहावं म्हणून तर गेले होते."

माझ्या तोंडातला घास फिरत राहिला.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्हाला बोलावतायत."

खुर्ची हलली नाही. आणि मी एकदाच सांगते, ती हलली नाही म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. अजून एक दिवस, असं मनात आलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मी उठले. त्यांच्यासमोरचं ताट उचललं, त्यातलं सगळं पातेल्यात परत टाकलं आणि ताट ओट्यावर पालथं घातलं. "आज आमच्याकडे काही नाही, भाऊ," मी म्हटलं. दारात आलेल्या परक्यालाही मी हे कधी म्हटलं नव्हतं. "तुम्ही तुमच्या घरी जेवा."

किती वेळ गेला कोण जाणे. मग करकर झाली. सपाता वाजल्या. दाराशी थोडं थांबल्या, निरोप घ्यायला थांबावं तशा. मग गेल्या.

पलीकडे चाकं घरंगळली. पाठीची कुरकुर.

मी भिंतीवर मूठ आपटली. "वहिनी! परत मारा हाक! परत मारा!"

"काय गं?"

"मारा म्हणते ना!"

त्यांनी मारली, रडक्या आवाजात.

चार श्वास. आणि घरघर थांबली.

भिंतीपलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्यावर वहिनींचं हसू. आधी हळू, मग अगदी मुलीसारखं. "मला वाटलं... काही नाही. बसा. बसा ना."

मी भिंतीपासून बाजूला झाले. काही आवाज ऐकायचे नसतात, एवढं मलाही कळतं.

९

कारणवाले दुसऱ्या दिवशी आले. मशीन चालू केलं. त्यानं विचारलं. त्यांची बोटं अधांतरी राहिली.

"काय लिहू, काकू?"

"लिहा, जेवण," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. मग जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं, तिथे दुसरी खुर्ची ओढलेली होती. हातातली चहाची बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"रोज याच वेळी?"

"रोज."

"एवढ्या वेळात ग्रंथालयंही जेवायला बंदच असतात," ते म्हणाले. "अडचण अचानक बंद पडण्याची असते. रोज ठरल्यावेळी बंद होणार असेल तर त्याला अचानक म्हणत नाहीत." त्यांनी जेवण लिहिलं, आणखी कुठे कुठे बोटं चालवली आणि उठले. "राहू द्या मशीन इथेच." जिना उतरताना ते मला म्हणाले, "मावशी, मला कारण विचारू नका." मी प्रथमच कोणाला काही विचारलं नाही.

आता दुपारी मी एकच ताट घेते. वहिनींची हाक येते, घरघर थांबते, आणि मी पाण्याचा नळ सोडते, त्यांचं त्यांना असावं म्हणून.

परवा तसंच नळ सोडून भात काढत होते. चुलीकडे तोंड. पलीकडे करकर झाली, ती त्यांची. माझ्या घरात काहीच आवाज झाला नाही. मी भाताचं पातेलं उतरवलं, नळ बंद केला आणि ताट घेऊन वळले.

समोरची खुर्ची टेबलापासून मागे होती.

मी स्वतः सकाळी ती आत लावली होती, झाडताना. फरशीवर ओरखडा नव्हता. कान तर माझे उघडेच होते. कोणी तरी ती दोन्ही हातांनी उचलून, खालच्यांना त्रास नको म्हणून अगदी अलगद, मागे ठेवली होती.

मी दचकले. किती वर्षांनी दचकले.

हाक मी मारली होती ती कधीची. आमच्या ह्यांना जाऊन इतका काळ झाला, त्यांना लांबून यायचं होतं. वेळ लागणारच.

फळीवरून मी दुसरं ताट काढलं.